सजवलेली गाडी अपघातानंतर ठेवावी, पूर्ववत करावी की मोडीत काढावी?

हैदराबादच्या नामपल्ली भागाची गोव्यातील प्रवाशाला ओळख असते ती बहुधा रेल्वे स्थानकामुळे. १९०७ साली उभे राहिलेले हे स्थानक, शेजारची पब्लिक गार्डन आणि दर हिवाळ्यात भरणारे ‘नुमाइश’ हे औद्योगिक प्रदर्शन एवढीच नामपल्ली पाहुण्याला दिसते. वाहनमालकाला मात्र हा भाग वेगळ्याच कारणाने माहीत व्हावा लागतो. शहरातील फौजदारी न्यायालयांचे संकुल नामपल्लीत आहे आणि तेथून जवळच असलेल्या गोशामहलच्या पोलीस स्टेडियमवर बेवारस व मालकांनी सोडवून न नेलेली वाहने ठेवली जात असत. वेळोवेळी त्यांचा लिलाव पुकारला जात असे. एकेकाळी कौतुकाने धुतलेल्या, पुसलेल्या गाड्यांचा शेवट कुठे होतो हे ज्याला पाहायचे असेल, त्याने अशा एखाद्या लिलावापूर्वीचे मैदान पाहावे.

गोव्यातून शिक्षणासाठी किंवा माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरीसाठी हैदराबादला गेलेल्या तरुणांची संख्या आता थोडी नाही. सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा रस्ता स्वतःच्या गाडीने कापणारेही अनेक आहेत. त्यांतील काही गाड्या कारखान्यातून जशा बाहेर पडल्या तशा राहिलेल्या नसतात. रुंद टायर, उंचावलेले सस्पेन्शन, पुढे लोखंडी बंपर, छतावर दिव्यांची रांग, इंजिनाच्या संगणकातील बदललेली आज्ञावली, डिकीत भरलेली ध्वनियंत्रणा असा लाखोंचा ऐवज त्या गाडीवर चढवलेला असतो. अशा गाडीला परराज्यात अपघात झाला की मालकापुढे प्रश्न उभा राहतो तो केवळ दुरुस्तीचा नसतो. गाडी तशीच पुन्हा उभी करायची, कारखान्याच्या मूळ रूपात आणायची, सुटे भाग काढून सांगाडा विकायचा की सरळ मोडीत द्यायची, हे ठरवताना पोलीस, विमा कंपनी, वाहतूक खाते आणि गॅरेजवाला हे चौघे त्याच गाडीकडे चार वेगवेगळ्या नजरांनी पाहत असतात. मालकाचे प्रेम या चौघांपैकी कोणाच्याही हिशेबात धरले जात नाही.

बदल किती चालतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ हा या विषयाचा पाया आहे. नोंदणी प्रमाणपत्रात उत्पादकाने दिलेला जो तपशील नोंदवलेला आहे, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असे हे कलम सांगते. ‘बदल’ या शब्दाचा अर्थही कायद्यानेच स्पष्ट केला आहे. गाडीच्या रचनेत असा फेरफार, की ज्यामुळे तिचे मूलभूत स्वरूप पालटते. केरळमधील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने याबाबत बरीच सैल भूमिका घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ‘प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र’ या निकालात ती रद्द ठरवली आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलाशी फारकत घेणारा बदल मान्य होणार नाही, असे स्पष्ट केले.

याचा अर्थ प्रत्येक जोडकाम बेकायदा, असा नव्हे. आसनांची आवरणे, स्टिअरिंगचे कव्हर, ध्वनियंत्रणेचा पडदा यांनी गाडीचे मूलभूत स्वरूप बदलत नाही. इंधन बदलून सीएनजी संच बसवणे हे परवानगी घेऊन आणि प्रमाणपत्रावर नोंद करून शक्य आहे. रंग बदलल्यासही नोंद करावी लागते. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करण्याची मुभा कायद्यात स्वतंत्रपणे दिलेली आहे. परंतु चॅसीला हात लावणे, दुसऱ्या प्रकारचे इंजिन बसवणे, गाडीची लांबी-रुंदी वाढवणे या गोष्टी नोंदीशी थेट भिडतात. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये वाहनमालकासाठी शिक्षाही घातली. परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द सजवलेल्या गाडीच्या मालकाने दोनदा वाचावेत असे आहेत.

काचांवरील काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्येच ‘अविषेक गोयंका’ प्रकरणात निर्णय दिला आहे. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हा नियम कारखान्यात बनलेल्या काचेसाठी आहे. त्यावर वरून फिल्म चिकटवण्यास त्या निकालाने वाव ठेवला नव्हता. पुढच्या लोखंडी बंपरबद्दल, म्हणजे ज्याला गोव्यात सर्रास ‘बुल बार’ म्हणतात त्याबद्दल, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईचे निर्देश दिले. हा बंपर मजबूत दिसतो म्हणून लोक बसवतात. वास्तविक गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा आणि त्या चुरगळण्यातच आघाताची ऊर्जा जिरावी, अशीच त्याची रचना केलेली असते. चॅसीला घट्ट जखडलेला लोखंडी नळ ही ऊर्जा आत बसलेल्यांकडे पोहोचवतो, एअरबॅगच्या संवेदकांचा अंदाज चुकवू शकतो आणि पादचाऱ्याला बसणारा मार अधिक जीवघेणा करतो. अपघातानंतर ‘बंपरमुळे गाडी वाचली’ असे अभिमानाने सांगितले जाते, त्यातील गाडी आणि माणूस यांतला फरक तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्या आठवड्यात हात आवरावा

अपघातानंतर मालकाची पहिली प्रतिक्रिया असते ती महागडे सुटे भाग काढून सुरक्षित ठेवण्याची. नेमके हेच करू नये. कोणी जखमी झाले असेल किंवा दगावले असेल, तर ती गाडी फौजदारी प्रकरणातील मुद्देमाल ठरते. कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. त्यानंतर कलम १३६ खाली मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो आणि अपघाताला यांत्रिक दोष कारणीभूत होता काय, याचा अहवाल देतो. मॉडिफाय केलेल्या गाडीच्या बाबतीत हा अहवाल निर्णायक ठरू शकतो. प्रमाणापेक्षा प्रखर दिवे, मूळ मापाचे नसलेले टायर, उंची वाढवण्यासाठी सस्पेन्शनमध्ये घातलेले ठोकळे यांची नोंद एकदा अहवालात आली, की ती आरोपपत्रात जाते, नुकसानभरपाई न्यायाधिकरणासमोर जाते आणि विमा कंपनीच्या वकिलाच्या हातीही पडते. तपासणीपूर्वी हे भाग उतरवले, तर पुरावा नष्ट केल्याचा संशय ओढवून घेतला जातो. बोल्टांच्या ताज्या खुणा निरीक्षकाला दिसत नाहीत, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

गाडी किती काळ अडकून राहील, ही दुसरी धास्ती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य’ या निकालात जप्त वाहने पोलीस ठाण्यांच्या आवारात वर्षानुवर्षे सडत ठेवण्यात अर्थ नाही, असे सांगून छायाचित्रे, पंचनामा आणि योग्य हमीपत्र घेऊन ती मालकाच्या ताब्यात द्यावीत, असा मार्ग आखून दिला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४५१ व ४५७ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अनुक्रमे ४९७ व ५०३ झाली आहेत. समजा, गोव्यात नोंदणी झालेल्या गाडीला हैदराबाद शहरात अपघात झाला आणि ती नामपल्लीच्या न्यायालयाच्या कक्षेतील पोलीस ठाण्यात उभी आहे. अशा वेळी मालकाने नोंदणी प्रमाणपत्र, विमापत्र, ओळखपत्र आणि चालकाचा परवाना यांसह तेथील न्यायालयात अर्ज करायचा असतो. न्यायालय सुपुर्दनाम्यावर गाडी सोडताना सहसा अटी घालते. प्रकरण निकाली निघेपर्यंत गाडी विकू नये, तिचे स्वरूप बदलू नये, बोलावल्यास हजर करावी. ‘स्वरूप बदलू नये’ ही अट मॉडिफाय केलेल्या गाडीच्या मालकाला विशेष जाचक ठरते, कारण गाडी मूळ रूपात आणणे हाही स्वरूपबदलच असतो. दुरुस्ती, विक्री किंवा मोडीत काढणे यांपैकी जे करायचे असेल, त्याची परवानगी त्याच अर्जात मागून घेणे शहाणपणाचे. एकदा गोव्यात परतल्यावर दर तारखेला साडेसहाशे किलोमीटर जाणे कोणाला परवडणारे नाही.

गाडी तशीच गोव्यात आणू, इथल्या ओळखीच्या गॅरेजात दुरुस्त करू, हा विचारही स्वाभाविक. पण प्रचलित विमापत्रात अपघातग्रस्त खासगी गाडी जवळच्या दुरुस्तीगृहापर्यंत नेण्याचा खर्च एका अपघातामागे १,५०० रुपयांपर्यंतच दिला जातो. वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर हैदराबाद ते फोंडा किंवा म्हापसा हा ट्रकभाड्याचा भुर्दंड मालकाचाच. शिवाय विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी पाहून जाण्यापूर्वी ती हलवणे किंवा उघडणे म्हणजे दाव्यावर स्वतःच पाणी सोडणे. मोठ्या रकमेच्या दाव्यासाठी परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवाल विमा कायद्यानेच आवश्यक केला आहे.

विम्याचे गणित

इथे बहुतेक मालकांचा भ्रमनिरास होतो. विमा हा गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे विमा उतरवताना मान्य केलेल्या मूल्यावर चालतो. हे मूल्य शोरूमच्या किमतीतून वयोमानानुसार घसारा वजा करून ठरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के अशी ही उतरती शिडी आहे. समजा, आज १२ लाख रुपयांना मिळणारी गाडी साडेतीन वर्षांची आहे. तिचे मूल्य धरले जाईल ७ लाख २० हजार. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ५ लाख ४० हजारांवर गेला, तर ती गाडी ‘टोटल लॉस’ गणली जाते. मालकाने त्या गाडीवर आणखी साडेतीन लाख रुपये खर्च करून सस्पेन्शन, चाके, दिवे आणि ध्वनियंत्रणा बसवली असेल, तर त्या रकमेला या गणितात स्थान नाही. ते भाग विमापत्रात स्वतंत्र किमतीसह जाहीर केले असतील तरच त्यांचा विचार होतो. कारखान्याबाहेर बसवलेल्या विद्युत उपकरणांसाठी त्यांच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता भरून संरक्षण घेता येते, सीएनजी संचासाठीही तसाच पर्याय आहे, आणि इतर जोडभागांची किंमतही आयडीव्हीत मिळवता येते. दोन लाखांच्या ध्वनियंत्रणेला वर्षाला आठ हजार रुपये जास्त पडले असते. ते वाचवल्याचा आनंद अपघाताच्या दिवसापर्यंत टिकतो.

गाडी टोटल लॉस ठरली नाही, दुरुस्तीयोग्य ठरली, तरी घसारा सुटत नाही. प्लास्टिक व रबराचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के, काचेवर शून्य, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. तीन ते चार वर्षांच्या गाडीला हा दर २५ टक्के पडतो. ‘झिरो डेप’ संरक्षण घेतले असले तरी ते विमा उतरवलेल्या भागांपुरतेच असते. बाहेरून बसवलेला चाळीस हजारांचा बंपर तुटल्यास कंपनीकडून फार तर कारखान्याच्या बंपरची किंमत निघण्याची शक्यता.

मॉडिफिकेशन केले म्हणजे विमा संपला, असेही सरसकट मानू नये. लपवलेला बदल जोखीम वाढवणारा होता काय आणि अपघाताशी त्याचा संबंध होता काय, हा वादाचा मुद्दा असतो. आसनावरील आवरण जाहीर केले नाही म्हणून दावा फेटाळणे टिकणारे नाही. इंजिनाची शक्ती वाढवलेली आणि वेगाने वळणावर सुटलेली गाडी ही निराळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स’ या प्रकरणात, विमापत्रातील अटीचा भंग झाला असला तरी दावा मुळातूनच फेटाळू नये, काही प्रमाणात रक्कम द्यावी, हे तत्त्व लागू केले. ते प्रकरण खासगी गाडी भाड्याने वापरल्याचे होते, मॉडिफिकेशनचे नव्हे. तरीही अटीच्या भंगावर बोट ठेवून हात झटकणाऱ्या कंपनीपुढे त्याचा आधार घेता येतो. दुसऱ्या बाजूला जखमी झालेल्या त्रयस्थ व्यक्तीचा हक्क मालकाच्या चुकीने सहसा बुडत नाही. न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. बेकायदा बदलाचा खरा फटका इथे बसू शकतो, कारण ती वसुली गाडीच्या किमतीपुरती मर्यादित नसते.

विमा क्षेत्राचे नियंत्रण करणारे प्राधिकरण हैदराबादेतच आहे, हा या विषयातला एक योगायोग. दिल्लीहून २००१ मध्ये आलेले हे कार्यालय बरीच वर्षे नामपल्लीजवळच्या बशीरबागेतील परिश्रम भवनात होते, आता ते नानकरामगुड्यात आहे. मात्र वैयक्तिक दाव्यासाठी त्याच्या दारात जाण्याचे कारण नाही. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. अपघात हैदराबादेत झाला तरी तक्रार गोव्यात दाखल होऊ शकते. मुदत दोन वर्षांची आहे.

सांगाडा काय सांगतो

कागदाचा प्रश्न मिटला, असे धरले तरी गाडी पुन्हा उभी करावी काय, हे लोखंडच सांगते. आजच्या बहुतेक मोटारींत वेगळी चॅसी नसते. पत्र्याचे आणि उच्च ताकदीच्या पोलादाचे भाग जोडून केलेला एकसंध सांगाडाच सारा भार पेलतो. धडकेत हा सांगाडा वाकला असेल, तर बाहेरून दरवाजे नीट बसतात, बॉनेट लागते, रंग चकाकतो, पण चाकांची रेषा चुकलेलीच राहते. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी गाडी मापनपट्ट्यावर चढवून सस्पेन्शनचे बिंदू, कर्णरेषा आणि खांबांची मापे उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून घ्यावीत. काही मिलिमीटरचा फरक मान्य असतो, काही सेंटिमीटरचा नाही. उच्च ताकदीचे पोलाद गॅसच्या ज्वाळेने तापवून सरळ केले, की त्याची ताकद जाते. असा भाग कापून नवा बसवावा लागतो आणि तोही उत्पादकाने सांगितलेल्या जागीच जोडावा लागतो. रस्त्याकडेच्या गॅरेजात साखळी बांधून खेचलेला खांब पुढच्या धडकेत काय करील, याची हमी कोणी देत नाही.

एअरबॅग उघडल्या असतील, तर केवळ पिशव्या बदलून भागत नाही. नियंत्रक संच, संवेदक, स्टिअरिंगमधील फिरती तार आणि आवळून घेणारे सीटबेल्ट यांचाही हिशेब धरावा लागतो. या खर्चातच अनेक गाड्या टोटल लॉसच्या रेषेपलीकडे जातात. काही ठिकाणी मग डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझवणारा प्रतिरोधक बसवून पिशव्यांची जागा रिकामी ठेवली जाते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ते कळतही नाही. आसनाच्या बाजूने उघडणाऱ्या एअरबॅगवर जाड आवरण शिवलेले असेल, तर ती पिशवी अपघातात नीट उघडली होती काय, हेही पाहावे. पुन्हा तेच आवरण चढवण्याआधी तरी हा विचार व्हायला हवा.

मॉडिफाय केलेल्या भागांची तपासणी आणखी कठोर हवी. बाहेरून बसवलेल्या मिश्रधातूच्या चाकांत केसासारख्या भेगा पडतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. उंचावलेल्या सस्पेन्शनमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, सांध्यांचे कोन बदलतात आणि धडकेचा ताण अशा ठिकाणी जातो ज्याचा उत्पादकाने विचारच केलेला नसतो. सर्वांत धोकादायक असते ती मूळ तार कापून काढलेली जोडणी. छतावरच्या दिव्यांसाठी, ध्वनिवर्धकासाठी घेतलेला प्रवाह योग्य फ्यूजशिवाय असेल आणि अपघातात त्या तारेवरचे आवरण सोलले गेले असेल, तर उभ्या गाडीत काही तासांनी आग लागू शकते. म्हणून अपघातग्रस्त गाडी ठेवताना प्रथम बॅटरीचे टोक सोडवावे, टाकीतून गळती आहे काय पाहावे आणि ती उघड्यावर, घरापासून दूर उभी करावी.

ही सूचना किरकोळ वाटेल. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, नामपल्लीच्याच बाजारघाट भागात एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर साठवलेल्या रसायनांच्या पिंपांना आग लागली आणि वरच्या मजल्यांवर राहणारी किमान नऊ माणसे प्राणास मुकली. तळमजल्यावर मोटारीच्या दुरुस्तीचे काम चालू असताना उडालेली ठिणगी कारण ठरल्याचे प्राथमिक तपासाच्या हवाल्याने त्या वेळी सांगण्यात आले होते. ती गाडी अपघातग्रस्त होती असे नव्हे. पण राहत्या इमारतीखाली गाडी उघडून बसण्याची सवय आपल्याकडेही आहे. वास्को आणि मडगावातील कितीतरी इमारतींच्या खालच्या गाळ्यांत वेल्डिंग आणि रंगकाम सुखेनैव चाललेले असते.

चार वाटा

सांगाडा सरळ असेल, नुकसान पत्र्यापुरते आणि जोडभागांपुरते असेल, तर गाडी पूर्ववत मूळ रूपात आणणे हा बहुतेकांसाठी सर्वांत सुरक्षित पर्याय. विमा कंपनी मूळ भागांचेच पैसे देते, वाहतूक खात्याची हरकत राहत नाही आणि पुढे विकताना गिऱ्हाईक सापडते. वाचलेले महागडे भाग, चाके, ध्वनियंत्रणा, आसने, वेगळे विकता येतात. हे भाग गाडीसह विकण्यापेक्षा सुटे विकल्यास अधिक दाम येतो, हा या व्यवसायातील जुना अनुभव. मात्र सस्पेन्शनचे, ब्रेकचे आणि सीटबेल्टचे अपघात सोसलेले भाग दुसऱ्याच्या गाडीवर चढवू नयेत. ते विकणारा कायद्याने सुटला तरी घेणारा रस्त्यावर असतो. पुन्हा तशीच गाडी उभी करण्याचा हट्ट धरायचा, तर तो परवानगी मिळू शकणाऱ्या बदलांपुरता, विमापत्रात नोंद करून आणि खर्च परत मिळणार नाही हे मनाशी पक्के करूनच धरावा.

टोटल लॉस ठरल्यास विमा कंपनी आयडीव्हीतून अनिवार्य वजावट काढून रक्कम देते आणि सांगाडा ताब्यात घेते किंवा त्याची किंमत वजा करून तो मालकाकडेच ठेवते. गाडीवर कर्ज असेल, तर रक्कम प्रथम बँकेकडे जाते. सांगाडा मालकाकडे राहिला, की दलाल दारात येतात. रोख रक्कम देतात आणि २९ व ३० क्रमांकाच्या हस्तांतरण अर्जांवर कोऱ्या सह्या मागतात. हा व्यवहार सर्वांत घातक. मोडक्या गाडीपेक्षा तिच्या नोंदणी प्रमाणपत्राला आणि चॅसी क्रमांकाला काळ्या बाजारात भाव असतो, कारण चोरीच्या तशाच गाडीवर तो क्रमांक कोरला की ती कागदोपत्री स्वच्छ होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ प्रकरणात ठरवले आहे की, सरकारी नोंदीत ज्याचे नाव मालक म्हणून आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी दोन-तीन हातांतून पुढे गेली होती, हा बचाव तिथे चालला नाही. म्हणजे नामपल्लीत विकलेल्या सांगाड्याचा क्रमांक लावून भलत्याच राज्यात धावणाऱ्या गाडीने कोणाला उडवले, तर नोटीस पेडणे किंवा काणकोणच्या घरी येऊ शकते.

म्हणून गाडी कायमची निकामी झाली असेल, तर कलम ५५ नुसार चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आपल्या रहिवासाच्या हद्दीतील नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्र जमा करावे. अपघात कुठेही झालेला असो, गोव्यातील रहिवाशाने हे काम गोव्याच्या वाहतूक खात्यातच करायचे असते. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात अपघाताने निकामी झालेली गाडीही देता येते. सरकारने हे धोरण मांडताना भंगाराचे मूल्य नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के राहील, असा अंदाज दिला होता. केंद्राकडून मिळणारे ठेव प्रमाणपत्र जपून ठेवावे. त्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे आणि नोंदणी शुल्कही माफ होऊ शकते. प्रकरण न्यायालयात चालू असल्यास मात्र आधी तिथली परवानगी हवी. अन्यथा मुद्देमालच नष्ट केल्याचा ठपका येईल.

एक पाचवी वाटही हैदराबादेतच दिसते. बहादूरपुऱ्यातील सुधा कार्स म्युझियममध्ये के. सुधाकर यांनी भंगारातून घडवलेल्या पुस्तक, कॅमेरा, क्रिकेटची बॅट अशा आकारांच्या चालत्या गाड्या मांडल्या आहेत. २००५ मध्ये त्यांनी बनवलेल्या अतिप्रचंड तीनचाकी सायकलची गिनीज बुकात नोंद झाली. त्या गाड्या पाहण्यासाठी आहेत, रोजच्या रहदारीसाठी नाहीत. एखाद्याला आपली मोडलेली गाडी अंगणात आठवण म्हणून ठेवायचीच असेल, तर त्यालाही मनाई नाही. त्याआधी नोंदणी रद्द करून घ्यावी, टाकी रिकामी करावी, बॅटरी आणि न उघडलेल्या एअरबॅग जाणकाराकडून काढून घ्याव्यात. न उघडलेल्या पिशवीत स्फोटक पेटवणी असते आणि ती लहान मुलांच्या खेळण्याची वस्तू नव्हे.